बादलीमागची जागा

सरांना बसायला खुर्ची दिली की ते तिच्यावर पाण्याच्या बाटल्या मांडायचे आणि स्वतः रंगाच्या रिकाम्या बादलीवर बसायचे. वीस लिटरची प्लॅस्टिकची बादली, पालथी घातलेली. कंपनीने तीनदा चांगल्या खुर्च्या पाठवल्या, तिन्ही बाटल्यांच्या कामी आल्या. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "खुर्चीला पाठ असती. पाठ टेकली की माणूस बघ्या होतोय."

दुसरा नियम असा, की त्या बादलीच्या मागे कुणीही उभं राहायचं नाही. एकदा कारखान्याचे मॅनेजर कौतुकाने मागे येऊन उभे राहिले, तर सरांनी बादली उचलली आणि मैदानाच्या पलीकडे नेऊन ठेवली. मॅनेजर तिकडे गेले, बादली परत इकडे आली. शेवटी मॅनेजर गाडीत जाऊन बसले. याचं मूळ कोल्हापुरात होतं. तरुणपणी सर तिथे फुटबॉल खेळायचे. एका सामन्यात थ्रो-इन घ्यायला लाईनीवर उभे असताना मागून कुणीतरी त्यांना नारळ मारला होता. तोही जिंकल्यावर फोडायला आणलेला. "नारळाचं काय न्हाई," सर सांगायचे, "आमच्याच पेठंतल्या माणसानं मारला, त्याचं वाईट वाटलं."

सर फुटबॉलचे प्रशिक्षक, आणि मी त्यांच्या संघाची फिजिओथेरपिस्ट होते. नवरा हवाई दलात, बदली चंदीगडला झालेली, मुलगी शाळेत जायला लागलेली, आणि घरात बसून मला वेड लागायची पाळी आली होती. तेवढ्यात सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याने पगारी फुटबॉल संघ काढला आणि गुडघे-घोटे बघायला माणूस हवं अशी जाहिरात दिली. पहिल्या दिवशी पंचकुल्याच्या मैदानावर गेले, तर बादलीवर बसलेला एक काळासावळा, मिशाळ माणूस पंजाबी पोरांवर ओरडत होता, "आरं सोड की! किती कुरवाळतोयस!" माझा कानांवर विश्वास बसेना. मी जवळ जाऊन मराठीत नाव सांगितलं. त्यांनी वर न बघता विचारलं, "पुण्याच्या न्हवं?" मी हो म्हटलं. "वाटलंच. आता रोज शुद्ध बोलायला लागणार म्हणा."

शुद्ध ते कधीच बोलले नाहीत. मला डॉक्टरीणबाई म्हणायचे. मी डॉक्टर नाही हे दहा वेळा सांगितलं, तर म्हणाले, गुडघा बघता न्हवं, मग झालं. राहायला मनीमाजऱ्यात एका गल्लीत वरच्या मजल्यावरची खोली घेतली होती. कंपनी त्यांना सेक्टरात छान फ्लॅट देत होती. पण या शहराचे रस्ते फार सरळ आहेत, सरळ रस्त्यावर माणसाला विचार करायला सवड मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. रविवारी आमच्याकडे जेवायला यायचे. मुलगी त्यांच्याशी हिंदीत बोलायची, ते तिच्याशी कोल्हापुरीत, आणि दोघांचं झकास चालायचं. मला मात्र दोघांनाही जेवायला बसा हे दोनदा सांगावं लागायचं.

हिंदी त्यांना येत होतं, पण मैदानावर पाऊल पडलं की ते विसरायचे. त्यामुळे संघातल्या सगळ्यांना वीसेक मराठी शब्द पाठ झाले होते. दे, सोड, थांब, आत, मागं. कुणीतरी हे शब्द कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर गुरुमुखीत लिहून ठेवले होते, नवा खेळाडू आला की आधी ते वाचायचा. यातल्या 'मागं'ची गंमत झाली होती. सर ओरडायचे ते कोल्हापुरी 'मागं', म्हणजे तुझ्या मागे माणूस आलाय, बघ. पंजाबी पोरांना ऐकू यायचं 'मंग', म्हणजे माग. ती बिचारी हात वर करून एकमेकांकडे चेंडू मागायला लागायची. मी आल्यावर दुसऱ्या महिन्यात हा घोळ माझ्या लक्षात आला आणि मी सरांना सांगितला. ते खूप वेळ मिशी ओढत बसले. मग म्हणाले, "तरीच ही पोरं एवढी बोलत खेळत्यात. ऱ्हाऊ द्या. ह्या चुकीवर आपण सात सामने जिंकलोय."

ही चूक सगळ्यात मन लावून करायचा तो बिंदर. बलविंदर त्याचं पूर्ण नाव, होशियारपूरकडच्या गावचा, संघाचा कप्तान. वय तेहतीस, शरीर दणकट, स्वभाव गाईचा. सरांनी 'मागं' म्हटलं की हा सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा चेंडू मागायचा. सर त्याला कधी शाबासकी द्यायचे नाहीत. पण सरावानंतर बादली खोलीत नेऊन ठेवायचा मान फक्त बिंदरचा होता. दुसऱ्या कुणी हात लावला तर सर नुसते बघायचे, तेवढं पुरायचं.

संघ काढून सहा वर्षं झाली, त्या वर्षी मोसमाआधीच्या शिबिरात टीव्हीवाले आले. तेव्हा घरोघरी केबल लागली होती आणि रोज एक नवं चॅनल निघत होतं. त्यातल्या एकाला व्यावसायिक संघाचं शिबिर पडद्यामागून दाखवायचं होतं, तीन आठवडे, सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत. सेक्टर चौतीसमधल्या ऑफिसात बैठक झाली. याने खेळाडूंचं लक्ष विचलित होईल का, असं मॅनेजरांनी प्रत्येकाला विचारलं. मी म्हटलं, होईल. सर म्हणाले, "लक्ष कॅमेऱ्यानं जात न्हाई. ते आधीच गेलेलं असतंय, कॅमेरा फकस्त दावतोय." आमच्याकडं लाईनीवर उभी राहून माणसं आई-बहीण काढतात, हा कॅमेरा तर बिचारा मुका, असंही त्यांनी ऐकवलं. मी याचं हिंदी करताना आई-बहीण गाळली.

टीव्हीवाले चौघं होते. दिग्दर्शिका दिल्लीची, चुणचुणीत मुलगी, काळा गॉगल डोक्यावर. दोघं कॅमेरावाले. आणि आवाज टिपणारा एक चाळिशीचा, दाढीवाला, कानाला कायम हेडफोन लावलेला माणूस. त्याला सगळे पॅट म्हणायचे. तो कुणाशीच बोलायचा नाही. आम्ही धरून चाललो, गोव्याकडचा कुणी ख्रिश्चन असेल. या पॅटने पहिल्या दिवशी सरांच्या आणि बिंदरच्या कॉलरला छोटे माइक लावले आणि कमरेला डब्या अडकवल्या.

दोन दिवसांत संघाचं नाटक मंडळ झालं. पोरं केस भिजवून येऊ लागली, कपाळाला पट्ट्या बांधू लागली. सरावात गोल केला तरी गुडघ्यांवर घसरत कॅमेऱ्यापर्यंत जाऊ लागली, आणि ते सोललेले गुडघे माझ्याकडे येऊ लागले. तिसऱ्या दिवशी सरांनी मनीमाजऱ्याच्या बाजारातून कपाटाचा एक जुना आरसा सायकल रिक्षात घालून आणला आणि मैदानाच्या कडेला झाडाला टेकवला. "ज्याला बघायचं त्यानं हितं पाच मिनिटं बघा. पोट भरलं की खेळाय या." दोन दिवस रांग लागली. मग सगळ्यांना लाज वाटायला लागली आणि आरसा एकटा पडला. पण दुसऱ्याच सकाळी माझ्या लक्षात आलं, की सरांची मिशी एका रात्रीत काळीभोर झाली आहे. मी नुसतं आरशाकडे पाहिलं. सर म्हणाले, "उन्हानं झालं असंल."

त्या तीन आठवड्यांत आम्ही दोघांनी मराठीत काय काय बोलून घेतलं, ते आठवलं की आजही कसंतरी होतं. परक्या मुलखात दोन मराठी माणसांना आपली भाषा म्हणजे कुलूप लावलेली खोली वाटते. मॅनेजरांचा केसांचा टोप, दिग्दर्शिकेचा संध्याकाळीसुद्धा न उतरणारा गॉगल, सगळ्याचा समाचार आम्ही त्यांच्या तोंडावर घेत होतो. पॅट शेजारून गेला की सर मला विचारायचे, "ह्यो गडी आंघोळ कधी करतोय हो?" आणि मी हसायचे.

बिंदरवर कॅमेऱ्याचा जीव होता. कप्तान, देखणा, डोळे बोलके. तो जेवतोय, बूट बांधतोय, घरी फोन करतोय, सगळं टिपलं जायचं. मैदानाशेजारच्या वसतिगृहात त्याच्या खोलीबाहेरच एक कॅमेरावाला राहायचा. त्याला नाक शिंकरायलाही एकटा सोडत नव्हते. आणि मला एक गोष्ट दिसायला लागली. कॅमेरा त्याच्याकडे असला की बिंदर सरळ पळायचा. कॅमेरा वळला की उजवा पाय ओढायचा.

मी त्याला शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेऊन गुडघ्याची तपासणी करून घेतली. रिपोर्ट घ्यायची वेळ आली तेव्हा तो पंजाबीत म्हणाला, तुम्हीच ठेवा मॅडमजी, शिबिर झाल्यावर सांगा. मी पाकीट उघडलं. गुडघ्यातली गादी फाटली होती आणि हाडही झिजलं होतं. दुसऱ्या दिवशी सराव चालू असताना बादलीजवळ उकिडवं बसून मी सरांना सगळं सांगितलं, अर्थात मराठीत. संघाची अंतिम यादी जाहीर व्हायला चार दिवस होते.

सरांनी विचारलं, "म्हंजे संपला?"

"खेळाडू म्हणून, हो. आणखी एक मोसम पळाला तर चाळिशीत हातात काठी येईल."

ते मैदानाकडे बघत राहिले. बिंदर चेंडू मागत होता. मग म्हणाले, "त्याला मी सांगनार. मीच. पर कॅमेऱ्याम्होरं न्हाई. त्याच्या बापानं कळवावं तसं कळलं पायजे त्याला." हे बोलताना त्यांचा हात कमरेकडे गेला, आणि डबीवरचा लाल दिवा आम्ही दोघांनी एकदमच पाहिला. दोन आठवड्यांत त्या माइकची इतकी सवय झाली होती, की तो आहे हेच आम्ही विसरलो होतो. मी म्हटलं, मराठी कुणाला कळतंय इथे. सर म्हणाले, व्हय, कुणाला कळतंय.

दुपारी जेवताना दिग्दर्शिका हसतमुखाने आमच्या टेबलाशी आली. म्हणाली, तुम्हा दोघांच्या गप्पा किती गोड वाटतात, टेपा दिल्लीला गेल्या की सगळ्याचं भाषांतर करून घेणार आहे. आणि हो, यादी जाहीर होईल तेव्हा कॅमेरा खोलीत असेल, मॅनेजरसाहेबांनी परवानगी दिलीय. ज्याचं नाव गळेल त्याचा चेहरा, तोच तर कार्यक्रमाचा शेवट. ती वाईट नव्हती, तिचं कामच ते. पण हिला उद्या-परवा कळलं, तर बिंदरला ती बातमी भिंगासमोर मिळणार आणि देश ती बघणार. सरांनी ताटातली पोळी तशीच ठेवली. मैदानावरून परतताना मला म्हणाले, "डॉक्टरीणबाई, बैठकीत तुमचं बरोबर होतं. माझंच लक्ष गेलं. मिशी रंगवत बसलो."

वाटेल ते करून बिंदरला एकटं गाठायचं, एवढंच आता उरलं होतं. पण कसं? सरांनी माइक काढून ठेवला की काहीतरी घडतंय अशी शंका येऊन सगळी फौज धावत यायची, हे आम्ही आधी एकदा अनुभवलं होतं. चिठ्ठी लिहावी तर बिंदर ती कॅमेऱ्यासमोरच उघडणार, आणि सर म्हणाले असलं कागदावर सांगत नसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आले तेव्हा मिशीचा काळा रंग धुऊन टाकलेला होता, मिशी निम्मी पांढरी, निम्मी करडी. आपसातला सामना लावला आणि बादलीवर बसले. मी शेजारी उभी होते. दोन्ही कॅमेरे चालू, पॅट हेडफोन लावून दहा हातांवर. वीसेक मिनिटं झाली असतील. सर ओरडले, "बिंदर, मागं!"

बिंदरने हात वर करून चेंडू मागितला.

सरांनी मान हलवली. "मागं," ते पुन्हा म्हणाले, या वेळी हळू, आणि अंगठ्याने आपल्या पाठीकडे खूण केली. बादलीच्या मागे. जिथे सहा वर्षांत कुणाला उभं राहू दिलं नव्हतं, तिथे. खेळ आपोआप थांबला. बिंदर जागेवरच उभा राहिला, सरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग चालत लाईनीपर्यंत आला आणि मी पहिल्यांदा पाहिलं, की कॅमेरा तोंडावर असताना तो लंगडत होता. बादलीला वळसा घालून तो सरांच्या मागे उभा राहिला. सरांनी मान वळवली नाही. त्यांचे दोन्ही हात मांड्यांवर घट्ट होते.

बिंदर वाकून म्हणाला, "मंगां, सरजी?" मागू का?

सरांनी म्हटलं होतं मागे ये, माझ्या मागे, माझ्यानंतर ही जागा तुझी. त्याने ऐकलं होतं तेच, जे तो सहा वर्षं ऐकत आला होता. मला वाटलं आता सर खुलासा करतील, आणि सगळं मुसळ केरात जाईल. पण सर म्हणाले, "माग."

"फेर बाल्टी मैनूं दे देओ."

मग बादली मला द्या. तो एवढंच म्हणाला, आणि हसून म्हणाला. सर उठले. बिंदर उजवा पाय लांब करून सावकाश बादलीवर बसला, आणि सर त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. पोरांनी टाळ्या पिटल्या, त्यांना वाटलं थट्टा चाललीय. दिग्दर्शिकाही खूश होऊन कॅमेऱ्याला जवळ जायच्या खुणा करत होती. मी गुडघ्याची पट्टी शोधायच्या निमित्ताने पेटीत डोकं घातलं, कारण माझे डोळे वाहत होते. त्याला सगळं माहीत होतं. गुडघा त्याचा, त्याला पाकीट कशाला लागतंय? कुणीतरी आपलं माणूस आपल्याला कसं सांगतं, एवढंच तो बघत होता. त्याच आठवड्यात सर ऑफिसात जाऊन बसले आणि बिंदरचं नाव खेळाडूंच्या यादीतून काढून सहायक प्रशिक्षकाच्या जागी घालूनच उठले. यादी वाचली तेव्हा कॅमेरा खोलीत होता, पण बिंदरच्या चेहऱ्यावर टिपण्यासारखं काही उरलं नव्हतं.

एक काळजी तेवढी राहिली होती, ती टेपेची. त्यातलं कळलं तर कार्यक्रमात बिंदरचा गुडघा आणि आमचे टोमणे, दोन्ही गाजले असते. शेवटच्या दिवशी सामान बांधून झालं तेव्हा पॅट माइक परत घ्यायला आला. सरांच्या कॉलरवरून चिमटा काढला, तार गुंडाळली आणि आमच्याकडे न बघता स्वच्छ मराठीत म्हणाला, "आंघोळ मी रोज करतो, सर."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सर बादलीवरून अर्धे उठले. तो पाटील निघाला, गडहिंग्लजचा. दिल्लीच्या लोकांनी पाटीलचं पॅट करून टाकलं होतं. सरांनी विचारलं, "मग आदी बोलला का न्हाईसा?"

"बोललो असतो तर तुम्ही बोलायचे थांबला असता. घरचं बोलणं ऐकून मला पाच वर्षं झाली होती." तार पेटीत ठेवून त्याने झाकण लावलं. "आणि परवाची, गुडघ्याची टेप. कागदावर मी लिहिलंय, आवाज निरुपयोगी. वारा फार होता त्या दिवशी."

त्या दिवशी पान हललं नव्हतं.

कार्यक्रम दोन महिन्यांनी लागला, रविवारी सकाळी, आमच्या घरच्या टीव्हीवर. सर मांडी घालून जमिनीवर बसले होते, मुलगी त्यांना टेकून. आरसा होता, घसरणारी पोरं होती. काळी मिशी दिसली तेव्हा मुलगी खदखदून हसली. बादलीचा प्रसंगही होता, बिंदर लाईनीपर्यंत चालत येतो तेवढा भाग सोडून, आणि त्यावर निवेदक हिंदीत म्हणाला, कोच आणि कप्तानाची मस्करी. पण सबंध तासात बिंदर पळताना दिसला तो एकदम सरळ. त्याने कॅमेऱ्यापासून लपवलेलं सगळं कॅमेऱ्याने लपवूनच ठेवलं होतं. सर पुढे सरकून बघत होते. म्हणाले, "किती नीट पळतोय बघा. हे तेवढं ऱ्हाऊ दे." मी पोळ्या लाटायचं सोडून दारातच उभी राहिले.

चॅनलला पुढच्या वर्षीही यायचं होतं, म्हणून ऑफिसने सरांना एक छापील कागद भरायला दिला होता. तो त्यांनी खिशातून काढला आणि मुलीकडून पेन मागून घेतलं. चित्रीकरणाचा सरावावर काय परिणाम झाला, असा प्रश्न होता आणि उत्तराला अर्धं पान सोडलं होतं. सरांनी हिंदीत एकच ओळ लिहिली, खाली मराठीत सही केली आणि मला तपासायला दिलं.

लिहिलं होतं, 'हवा बहुत थी.'